बीडाचं हेड कापावं, की नुसतं झाकण बदलावं? 6बीटी कमिन्सच्या इनटेकचे दोन मार्ग

अमेरिकेत जुनी डॉज रॅम पिकअप बाळगणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. 1989 पासून या गाडीत कमिन्सचं 5.9 लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं 6बीटी बसायला लागलं. सुरुवातीला ताकद होती 160 हॉर्सपॉवर. याच बी-सिरीजची इंजिनं जमशेदपूरला टाटा कमिन्सनेही बनवली, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रक मेकॅनिकांनाही हे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) वरचा भाग, परकं नाही.

या इंजिनाची गंमत अशी, की त्याला इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारा भाग, वेगळं नाहीच. हेडच्या कडेला बीडाचा एक लांबट कप्पा ओतलेला असतो, त्यावर बोल्टने आवळलेलं चपटं झाकण आणि झाकणावर इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून) हवा आणणारा एल्बो, म्हणजे वाकडा पाइप. मनासारखं मॅनिफोल्ड लावायचं तर आधी हा कप्पाच मिलिंग मशीनवर उडवावा लागतो.

झाकण बदलणं स्वस्त, आणि नाही पटलं तर जुनं परत लावता येतं. मोठ्या तोंडाचं झाकण, मोठा एल्बो, कप्प्यातले ओतकामाचे खडबडीत उंचवटे घासून काढले की झालं. इंजेक्टर पाइपांचे क्लॅम्प याच झाकणाच्या बोल्टांवर असतात, म्हणून पाइप आधी सोडावे लागतात. झाकण उचललं रे उचललं, की सहाही पोर्टांत (हेडमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटांत) स्वच्छ कापड कोंबा. जुनं गॅस्केट खरवडताना एखादा तुकडा आत गेला तर तो थेट व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. काही जण झाकणावरचा ग्रिड हीटर, म्हणजे आत जाणारी हवा तापवणारी विजेची जाळी, कायमचा काढून टाकतात. उबदार टेक्सासमध्ये ते चालून जाईल, पण मिनेसोटाच्या गोठवणाऱ्या जानेवारीत पहाटे गाडी सुरू करताना त्याची किंमत कळते.

आता कापण्याचं. पेट्रोल इंजिनात लांब-आखूड रनर (मॅनिफोल्डपासून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) जुळवून ताकद वाढवतात, तोच हिशोब लोक इथे लावतात आणि फसतात. टर्बो डिझेलला हवा दाबाखाली मिळते, आणि 2500 आरपीएमच्या आसपास चालणाऱ्या इंजिनाला रनरच्या लांबीतून फारसं काही मिळत नाही. खरा प्रश्न वाटणीचा आहे. एकाच तोंडातून शिरलेली हवा सहा सिलिंडरांना सारखी मिळाली नाही, तर ज्याला कमी मिळते त्याचा धूर आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. ट्रॅक्टर पुलिंग (वजन ओढण्याची स्पर्धा) किंवा ड्रॅगसाठी (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी) आरपीएम आणि डिझेल दोन्ही वाढवलं, की हा फरक पिस्टन वितळवू शकतो. तिथे वेगळं मॅनिफोल्ड पैसे वसूल करतं. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला मात्र तेच पैसे इंटरकूलर आणि टर्बोत घातलेले बरे.

कापायचंच ठरलं, तर दुखणं मिलिंगनंतर सुरू होतं. कप्पा गेला की पोर्टांभोवती उरलेल्या भिंतीवर आटे पाडून फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डची बोल्टने आवळायची पट्टी, बसवायचा असतो आणि आत पाण्याचं जॅकेट जवळच असतं. ड्रिल जरा खोल गेलं तर हेड भंगारात. बीडावर वेल्डिंग करून डागडुजी होते, पण आधी नीट तापवणं, निकेलचा रॉड, मग सावकाश थंड करणं, हे सगळं जमणारा कारागीर लागतो. घाई केली की वेल्डच्या कडेने भेग जाते.

मॅनिफोल्डचा डबाही हलक्यात घेऊ नका. 60 सेंटिमीटर लांब, 8 रुंद अशा एका सपाट बाजूवर 3 बार बूस्ट (टर्बोचा दाब) आला, तर जवळपास दीड टनाचा जोर पडतो. पातळ ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा फुगतो आणि वेल्डवर फाटतो. जाड पत्रा, गोलाई असलेला आकार, आणि वेल्डिंग करताना फ्लँज जाड लोखंडी प्लेटला आवळलेला, एवढं तरी हवंच. तरीही तो थोडा वाकतोच, म्हणून शेवटी फेसिंग करून (पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा.

दोन्ही मार्गांत पोर्ट मोठं करण्याचा मोह आवरा. या पोर्टच्या वळणामुळे सिलिंडरमध्ये हवा गरगरत शिरते आणि डिझेल तिच्यात मिसळतं. वळण घासून टाकलं, की खालच्या आरपीएमला काळा धूर.

मशीन शॉपला हेड देताना व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, सगळं उतरवून द्या. बीडाचा चुरा पिठासारखा बारीक असतो आणि रिंगांना कानशीसारखा घासतो. परत घेताना प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा, कापलेल्या बाजूवर साबणाचं पाणी मारून.