‘द कोड ऑफ द वूस्टर्स’: बावळट निवेदकाची तल्लख भाषा

इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांची ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. तिचे कथानक कोणाला सांगू लागलो तर ऐकणारा काळजीने आपल्याकडेच पाहू लागेल. आंट डालिया आपल्या भाच्याला, बर्टी वूस्टरला, लंडनमधील ब्रॉम्प्टन रोडवरच्या एका दुकानात पाठवते ती गाईच्या आकाराचे चांदीचे दुधाचे भांडे विकत घेण्यासाठी नव्हे, तर नुसते त्याच्याकडे पाहून नाक मुरडण्यासाठी, म्हणजे दुकानदार नरमेल आणि तिच्या नवऱ्याला ते स्वस्तात मिळेल. तेवढ्यात ते भांडे तिच्या नवऱ्याचे प्रतिस्पर्धी संग्राहक सर वॉटकिन बॅसेट पळवतात आणि पुढचा सारा गोंधळ त्यांच्या टॉटली टॉवर्स या वाड्यात घडतो.

कादंबरीची खरी करामत निवेदनात आहे. बर्टी मनाने चांगला, डोक्याने यथातथाच. तरीही त्याच्या तोंडची वाक्ये लयीने, उपमांनी आणि शाळेत कानावर पडलेल्या कवितांच्या तुकड्यांनी खच्चून भरलेली असतात. पहिल्याच प्रसंगात, रात्रीच्या मेजवानीने जड झालेले डोके घेऊन तो जागा होतो, तेव्हा त्याचा नोकर जीव्हज बाहेरच्या धुक्याचे वर्णन इंग्रज कवी कीट्सच्या ‘धुक्याचा आणि रसाळ फळांचा ऋतू’ या ओळीने करतो आणि बर्टी गोंधळून विचारतो की हा ऋतू नेमका कशाचा. मालक अर्धवट बोलतो, नोकर अदबीने ते पूर्ण करतो, आणि या दोघांमधल्या अंतरातून विनोद आपसूक निघतो. वुडहाउसची भाषाशैली म्हणून जिचे कौतुक होते ती सुट्या कोट्यांची माळ नाही, हे या एका प्रसंगातही ध्यानात येते.

रॉडरिक स्पोड हे पात्र ब्रिटिश राजकारणी ऑस्वल्ड मोस्ली यांच्या काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांची उघड टर आहे. शर्टांचे सगळे रंग आधीच संपल्यामुळे याचे अनुयायी काळ्या अर्ध्या चड्ड्या घालतात! या दांडगटाला गप्प करणारे एक गुप्त नाव जीव्हज बर्टीला सांगून ठेवतो आणि ऐन आणीबाणीच्या क्षणी बर्टीला ते आठवतच नाही. तो प्रसंग कितीही वेळा वाचला तरी हसू आवरत नाही.

मध्यावर मात्र दाटी होते. हवालदाराचे हेल्मेट, बर्टीचा मित्र गसी याची हरवलेली वही, सर वॉटकिन यांची पुतणी स्टिफी हिचे लग्न आणि ते भांडे असे सगळे धागे एकदम ओढले जातात, त्यामुळे चार दिवसांच्या खंडाने वाचणाऱ्याचा दुवा नक्की सुटेल. सर वॉटकिन यांची मुलगी आणि गसीची वाग्दत्त वधू मॅडलिन बॅसेट हिचे भाबडेपणही एका मर्यादेनंतर तेच ते वाटते. गसी आणि मॅडलिनचे पूर्वीचे प्रकरण ‘राइट हो, जीव्हज’ या १९३४ च्या कादंबरीत आले आहे. बर्टी त्याची उजळणी करून देतो खरा, पण नव्या वाचकाने आधी ती वाचून मग इकडे वळावे.