कुत्रा दिवसभर कुठे ठेवायचा: ओळखीच्या ताईंच्या फ्लॅटवर की डे-केअरमध्ये?

डे-केअर बघायला गेलं की पूल, लॉन आणि मोबाईलवर दिसणारा कॅमेरा कौतुकाने दाखवतात. कुत्रा अचानक आडवा पडला तर पहिल्या वीस मिनिटांत कोण काय करणार, हे विचारायचं राहूनच जातं. निवड खरं तर त्यावर व्हायला हवी. एकीकडे आपल्याच फ्लॅटमध्ये तीन-चार कुत्री सांभाळणाऱ्या ताई, दुसरीकडे गाळ्यात वीस-पंचवीस कुत्र्यांचं डे-केअर.

पहिली भीती उष्माघाताची. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि मुंबईच्या दमट हवेत ती सोय नीट चालत नाही. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना त्यासाठी मे महिनाच लागतो असं नाही, ऑक्टोबरची दुपारही पुरते. पत्र्याच्या गाळ्यात इतरांबरोबर धावताना धोका जास्त, फ्लॅटमध्ये पंख्याखाली कमी. उपाय दोन्हीकडे एकच: नळाचं साधं पाणी अंगभर ओतत राहायचं, पंखा लावायचा आणि मग टॅक्सी. ओला टॉवेल पांघरून ठेवला की उष्णता आत कोंडते. गुदद्वारातलं तापमान १०३ फॅरनहाइटवर आलं की पाणी थांबवायचं, नाहीतर ते नको तितकं खाली घसरतं. निरोगी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं. म्हणून भेटीत सरळ म्हणा, "थर्मामीटर दाखवा." कपाटात शोधाशोध सुरू झाली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

भांडणांत डे-केअर मागे पडतं, कारण कुत्री जास्त आणि अनोळखी. चावल्याची खूण वरून टाचणीएवढी दिसते, आत मात्र स्नायू फाटलेला असू शकतो. मोठ्या कुत्र्याने छोट्याला तोंडात धरून झटकलं असेल तर "काही नाही, खरचटलंय" हे ऐकून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लहान-मोठी कुत्री वेगळी खेळवतात का, हे विचारण्यापेक्षा दुपारी न सांगता जाऊन बघावं.

पोट फुगण्याचं उलट आहे. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून स्वतःभोवती पिळलं जाऊ शकतं. कुत्रा ओकायला बघतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलं जातं. शस्त्रक्रियेला काही तासच हाताशी असतात आणि ती ना ताई करू शकतात ना डे-केअर. चार कुत्र्यांतली अस्वस्थता ताईंच्या लवकर लक्षात येते. पण मग त्या एकट्या पडतात: उरलेली तीन कुत्री कुणावर सोडून निघणार? दादर-परळकडे रिक्षा नाही आणि कुत्रा बघून टॅक्सीवाला पुढे निघून जातो. डे-केअरकडे स्वतःची गाडी आणि कायम हजर असलेला दुसरा माणूस असेल तर त्याचं पारडं इथे जड. नसेल तर जास्त पैसे कशाचे?

"डॉक्टर ऑन कॉल" हे शब्द दोन्हीकडे ऐकू येतात. रविवारी संध्याकाळी ते फोन उचलतात का आणि एक्स-रे कुठे निघतो, हे विचारा. दवाखाना रुळांच्या कुठल्या बाजूला आहे हेही बघा. जुलैत अंधेरी किंवा मिलन सबवे तुंबला की पूर्व-पश्चिम ओलांडणं कठीण होतं. परळचं बैल-घोडा हॉस्पिटल किंवा महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय चांगलंच, पण बोरिवलीहून निघालात तर वाटेत थांबायला जवळचा दवाखाना ठरलेला हवा.

आता जबाबदारी. डे-केअरच्या फॉर्मवर "कोणत्याही इजेला आम्ही जबाबदार नाही" असं छापलेलं असतं. तेवढ्याने त्यांची सुटका होत नाही. पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ताई पैसे घेत असतील तर त्यांनाही तोच. फुकट सांभाळत असतील तर ग्राहक आयोगाचं दार बंद, पण करार कायदा, १८७२ चं कलम १५१ तरीही उरतं: दुसऱ्याची ठेवलेली वस्तू आपली असल्यासारखी जपायची. कायद्यापुढे कुत्रा अजून वस्तूच, काय करणार! कलम १५० तुमच्यावर उलटू शकतं: कुत्रा चावरा आहे किंवा त्याला फिट येते हे लपवलंत तर त्यातून झालेलं नुकसान तुम्ही भरायचं.

म्हणून एका कागदावर, किंवा ताईंशी व्हॉट्सॲपवर, हे लिहून घ्या: अमुक रकमेपर्यंत (समजा ₹१५,०००) न विचारता उपचार सुरू करा; दोन नंबरांवर पंधरा मिनिटांत कुणी सापडलं नाही तर भूल आणि शस्त्रक्रियेला संमती; दयामरणाचा निर्णय मात्र आमचाच. जुन्या आजाराचा खर्च आमचा, भांडण, पळून जाणं आणि उष्माघात याचा तुमचा. या शेवटच्या ओळीला डे-केअरने नकार दिला तर दुसरं शोधा. ताई नकार देतील तर समजून घ्या, त्यांच्याकडे तेवढे पैसे नसतात. मग ती जोखीम तुमची, हे धरूनच ठरवा.

तरुण, धडधाकट, मिसळणारा कुत्रा असेल तर गाडी असलेलं डे-केअर. म्हातारा किंवा चपट्या नाकाचा असेल तर ताई, दवाखाना चालत जाण्याइतका जवळ असेल तरच. इन्सुलिनवर असलेल्यासाठी दवाखान्याला जोडलेली बोर्डिंग बरी, पण लसी पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे नेऊ नका, पार्व्होची (पिल्लांना जीवघेणा ठरणारा संसर्गजन्य आजार) कुत्रीही त्याच दारातून येतात.