व्हार्फडेल डायमंड १२.१ आणि माझी टेस्टची गाणी

आधी निकाल सांगून टाकतो, पुढचं सगळं वाचायचा कंटाळा असेल तर इथेच थांबा. हॉल छोटा आहे, ऐकणं मुख्यतः गळा, तबला, पेटी, सतार, भावगीतं असं आहे, आणि खिडकीच्या काचा हलल्या पाहिजेत अशी हौस नाही, तर व्हार्फडेलचे डायमंड १२.१ हे स्पीकर घ्या, बिनधास्त घ्या. घरात डीजे पाहिजे असेल तर हे ते नव्हेत.

आता सविस्तर. आणि त्यात स्पीकरपेक्षा गाण्यांबद्दलच जास्त बोलणार आहे, कारण स्पीकर कसा आहे हे कुठलं गाणं लावलं त्यावर इतकं ठरतं की रिव्ह्यू लिहिणाऱ्याने कशावर ऐकलं ते सांगितलं नसेल तर तो रिव्ह्यू वाचून फायदा शून्य. हायफायच्या दुकानात जाऊन आलेल्यांना अनुभव असेलच, तुम्ही सोफ्यावर बसायच्या आत ईगल्स या अमेरिकन बँडचं हॉटेल कॅलिफोर्निया सुरू होतं, तेही १९९४ चं लाइव्ह, सुरुवातीला गिटार, मग तो ढप्प ढप्प ठोका, पब्लिकच्या टाळ्या, आणि सेल्समन तुमच्या तोंडाकडे बघत उभा. रेकॉर्डिंग झकास आहे, प्रश्नच नाही. पण अडचण अशी की ते इतकं झकास आहे की कशावरही चांगलं वाजतं, आणि दुसरी अडचण म्हणजे त्या दिवशी त्या हॉलमध्ये तो ठोका खरा कसा वाजला होता हे मला काय माहीत? मी तिथे नव्हतो. स्पीकरने त्यात जरा मीठमसाला घातला तर मला कळणारच नाही, उलट वा वा म्हणेन.

म्हणून माझा नियम एकच, जे वाद्य मी समोर बसून, माइकशिवाय ऐकलंय तेच टेस्टला. आपल्याकडे हे सोपं आहे हो. पेटी कोणाच्या तरी घरी असतेच, भजनात टाळ-पखवाज ऐकलेला असतो, शाळेच्या गॅदरिंगपासून ढोलकी कानावर असते, तानपुरा निदान एकदा तरी जवळून ऐकलेला असतो. हा माप घ्यायचा दगड आपल्या कानात फुकट आहे आणि तो सोडून आपण दुसऱ्यांच्या याद्या डाउनलोड करत बसतो.

गंमत म्हणजे हे डोकं व्हार्फडेलच्याच म्हाताऱ्याचं आहे. गिल्बर्ट ब्रिग्जने १९३२ ला यॉर्कशायरमध्ये कंपनी काढली, आणि १९५४ ला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने जाहीर कार्यक्रमच केला, स्टेजवर खरे वादक वाजवतायत आणि शेजारी स्पीकरवर रेकॉर्डिंग, लोकांनी आपल्या कानांनीच फरक ठरवायचा. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही असाच कार्यक्रम केला. हजारो लोकांसमोर आपला माल खऱ्या वाद्याशेजारी ठेवायला छाती लागते. आज असं कोण करणार.

तर पहिली टेस्ट, तानपुरा. कुठल्याही चांगल्या ख्यालाच्या रेकॉर्डिंगचं पहिलं अर्धं मिनिट, गायक अजून सुरू व्हायचाय, नुसता तानपुरा चाललाय. तानपुऱ्यात चार तारा आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात त्याने प्रत्येक तारेतून वरच्या सुरांची अख्खी रांग बाहेर पडते, नीट लागलेल्या तानपुऱ्यात न छेडलेला गंधारसुद्धा ऐकू येतो. स्वस्त स्पीकरवर या सगळ्याचा एकच गुंजारव होतो, जुना फ्रीज चालू असल्यासारखा. १२.१ वर चारही तारा वेगवेगळ्या कळतात, खर्ज छेडला की त्याच्यावर ती रांग हळूहळू उलगडते, आणि ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कुठेही टोचत नाही. २५ मिलिमीटरचा कापडी डोम आहे, धातूचा नाही, माझ्या कानाला हे मऊ वळण आवडतं. काहींना यात चमक कमी वाटेल, तेही चुकीचं नाही.

दुसरी, माणसाचा गळा आणि त्यातही भीमसेनांचे अभंग. आवाजाचा भारदस्तपणा छातीतून यायला पाहिजे, नाकातून नाही, आणि त्याच वेळी मागे टाळ चालू असतात ते आवाजावर चढता कामा नयेत. टाळ ही ट्वीटरची सगळ्यात निर्दयी परीक्षा. कांस्याचा आवाज आहे तो, आधी टण्ण मग लांब शेपूट, आणि खराब स्पीकर त्याचं नुसतं च्छ च्छ करून ठेवतो, म्हणजे कढईत मोहरी तडतडतेय का टाळ वाजतायत कळत नाही. इथे टाळ टाळच वाजले. पखवाजाला मात्र जेवढी खोली पाहिजे तेवढी मिळत नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे, वूफर, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, १३० मिलिमीटरचा म्हणजे पाच इंची, आणि कंपनीच स्वतः ६५ हर्ट्झपासून पुढचा दावा करते, त्याखालच्या खोल सुरांचा नाही. पाच इंचाकडून बारा इंचाचं काम मागू नये.

गळ्याच्याच जोडीला सुझान व्हेगाचं टॉम्स डायनर ठेवलंय, १९८७ चं, एकही वाद्य नाही, नुसती बाई गातेय. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळी एमपीथ्री बनवत होती तेव्हा हेच गाणं पिळून, म्हणजे फाइल लहान करून, बघायला वापरलं, कारण उघड्या आवाजात लपायला जागाच नाही, जरा गडबड झाली की लगेच उघडी पडते. तेच तत्त्व मराठी भावगीताला लावा. आपल्या भाषेत च, ज, स, श यांची चंगळ आहे, चांदणं, सांज, श्रावण, कवींना दुसरं सुचतच नाही जणू, त्यामुळे शिट्टी मारणारा ट्वीटर दोन ओळीत पकडला जातो. १२.१ पास.

तिसरी टेस्ट कोणी करत नाही आणि ती सगळ्यात कामाची, बालगंधर्वांची जुनी ७८ आरपीएमची रेकॉर्डिंग्ज. हसू नका. ही मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज येणार, आणि सगळं बरोबर लावलेलं असेल तर आवाज दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, हवेत, एका जागी उभा राहायला पाहिजे. तो पसरट वाटत असेल, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात असं समजा, जाऊन बघा. एका बाजूला सरकलेला असेल तर तुम्ही मधे बसलेले नाही किंवा एक स्पीकर भिंतीला जवळ आहे. हजारो रुपयांच्या केबलने जे होत नाही ते तीन मिनिटांच्या नाट्यपदाने होतं. शिवाय वरचं टोक नाही, खालचं टोक नाही, खरखर आहे, तरी गाणं आनंदाने ऐकवतं का नाही हा स्पीकरच्या स्वभावाचा प्रश्न असतो. काही महागडे स्पीकर जुन्या रेकॉर्डिंगला इतकं फाडून खातात की माणूस पुन्हा जुनं लावतच नाही. हे तसले नाहीत, क्षमाशील आहेत.

स्टेजसाठी, म्हणजे कोण कुठे बसलाय ते डोळे मिटून कळतं का यासाठी, मोहनवीणा वाजवणारे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा अ मीटिंग बाय द रिव्हर हा अल्बम. १९९२ ला कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये रेकॉर्ड झालाय, दोघांनी आधी कधी एकत्र वाजवलेलं नव्हतं, नंतर वरून काही चिकटवलेलं नाही, कवी अलेक्झांडर (कवी हे नावच आहे) या रेकॉर्डिंगवाल्याने सरळ टेपवर घेतलं, आणि १९९४ ला त्याला ग्रॅमी मिळालं. ऑडिओवाल्यांच्या यादीतलं हे एकच मला मनापासून पटलेलं नाव, कारण चॅपलची हवा त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, तार छेडली की ती भिंतीपर्यंत जाऊन परत येते ते ऐकू येतं. १२.१ वर मोहनवीणा आणि कूडरची गिटार आपापल्या जागी पक्की बसतात, तबला मागे, आणि स्पीकर गायब होतात, म्हणजे आवाज खोक्यातून येतोय असं वाटतच नाही. मला वाटतं या किमतीच्या टप्प्यात हीच त्यांची मोठी कमाई. संतूरच्या टकोऱ्यासाठी १९६७ चा कॉल ऑफ द व्हॅली हा अल्बमही लावला, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. टकोरा स्वच्छ, बासरीतली फुंकर ऐकू येते, पुढे जाऊ.

गर्दीसाठी सैराट. अजय-अतुलने ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला हे बऱ्याच जणांना माहीत असेल. याड लागलं लावा आणि व्हायोलिन्स चढत जातात तिथे लक्ष द्या, गळा त्या लाटेत बुडतो का, का वर तरंगतो. मध्यम आवाजाला मस्त तरंगला, व्हॉल्यूम खूप वर नेला की मात्र सगळं थोडं एकमेकांत मिसळायला लागलं, आता ते स्पीकरचं का माझ्या जुन्या अँपचं (अँप्लिफायरचं) हे छातीठोक सांगणार नाही. झिंगाट टेस्टला लावू नका, ते नाचायला आहे, सगळंच एकसारखं मोठं वाजतं त्यात.

आणि ढोलकी. नटरंगमधलं वाजले की बारा. ढोलकीचा घुमारा (खालचा घुमणारा आवाज) आणि चाट (वरचा टणक आवाज) दोन्ही एका बोलात येतात, चाट पटकन थांबली पाहिजे आणि घुमारा वळला पाहिजे. इथे मला बास, म्हणजे खालचा जाड आवाज, सुजल्यासारखा वाटला आणि स्पीकरवर शंका घ्यायच्या आधी टेप काढली. माझा हॉल १० बाय १५ फूट. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, १५ फुटी लांबीला खोली स्वतःच ३८ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुप्पट ७५ ला घुमणार, आणि डग्गा-ढोलकीचा घुमारा त्याच गावात फिरत असतो. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, जिथे हा फुगा सगळ्यात मोठा. सोफा दीड फूट पुढे ओढला, स्पीकर मागच्या भिंतीपासून फूटभर सोडवले, कारण यांचं पोर्ट, म्हणजे बासची हवा बाहेर टाकणारं भोक, मागे आहे, आणि ढोलकी ताळ्यावर आली. घरच्यांना सोफ्याची नवी जागा आवडलेली नाही, ती वेगळी चर्चा.

दुकानात ऐकायला जाणाऱ्यांसाठी एवढंच. गाणी स्वतःची न्या, पेनड्राइव्हवर, सीडीच्या दर्जाची, ब्लूटूथवरून नको. स्पीकरच्या दोन जोड्या शेजारी शेजारी ऐकताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या, मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप असतं ते पुरतं, कारण जो स्पीकर किंचित मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. एका दुकानात (नाव नको) मी बालगंधर्व लावा म्हटल्यावर त्या पोराने माझ्याकडे दयेने बघितलं आणि जुन्या गाण्यांना इक्वलायझर लावून देतो म्हणाला. इक्वलायझर, लाउडनेस, बास बूस्ट, सगळं बंद करायला सांगा, आणि करत नसतील तर चहा पिऊन निघा.

अँप फार दांडगा लागत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते माप, ८८ डेसिबल आहे, चांगल्या कंपनीचा ४०-५० वॉटचा इंटिग्रेटेड अँप १० बाय १५ ला भरपूर झाला. पैसे उरले तर स्टँड घ्या. टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबले तर वर लिहिलेल्यातलं काहीही ऐकू येणार नाही, मग हे कशाला, साउंडबार घ्या.