पहिलं शिवणकाम: अभ्रा, पिशवी की पायजमा?

शिवण शिकायला घेतलं की बहुतेकजण थेट अंगात घालायचं काहीतरी शिवायला बसतात. मीही तेच केलं होतं. बाही मुंढ्यात बसेना, चार वेळा उसवली, शेवटी ते कापड कपाटात गेलं ते गेलंच. पुन्हा मशीनवर बसायला मला कित्येक महिने लागले. म्हणून नव्या माणसाला मी आधी एवढंच विचारते: एका बैठकीत काय पुरं होईल?

माझं उत्तर आहे उशीचा अभ्रा. चेन नाही, बटण नाही, सगळ्या टिपा सरळ. 40 सेंमी चौकोनी उशी असेल तर पुढचा तुकडा 43 × 43 सेंमी कापा, म्हणजे चारही बाजूंना दीड सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा कड, मिळते. पाठीसाठी 43 × 30 सेंमीचे दोन तुकडे. या दोन्हींची एकेक लांब कड आधी 1 सेंमी, मग 2 सेंमी दुमडून, इस्त्री करून टीप मारा. आता पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून पसरा, त्यावर पाठीचे दोन्ही तुकडे उलट बाजू वर ठेवून टाचण्या लावा. मधोमध ते एकमेकांवर 11 सेंमी चढतात, उशी तिथूनच आत जाते. मग चारही बाजूंनी टीप. कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली असू द्या, प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचला, कापड वळवा, फूट खाली. हे वळण चार वेळा घेतलं की हात बसतो. टीप थोडी वाकडी गेली तरी अभ्रा सुलटा केल्यावर ती आतल्या बाजूला राहते, उशी घातल्यावर कुणाला दिसत नाही.

पिशवीचं आकर्षण वेगळं. ती रोज हातात असते आणि ‘ही मी शिवली’ म्हणण्याचा आनंदही रोजचा. शिवणही सरळच, पण तिला वजन पेलायचं असतं. बंद जोडताना चौकोन शिवून आत फुली मारावी लागते, आणि नेमके तिथेच कापडाचे चार-पाच थर एकावर एक येतात. मशीन अडखळलं तर पायडल दाबत राहू नका, चाक हाताने फिरवून ते टाके घ्या. सुई 90 नंबरची लावा, कॅनव्हास असेल तर 100. बंदाचा टाका वाकडा गेला तर तो दर्शनी भागावरच दिसतो, एवढी तयारी ठेवा. अभ्रा झाल्यावर दुसरं काम म्हणून पिशवी उत्तम. घरी उशा नसतील तर पहिलं काम म्हणूनही चालेल.

पायजम्याला मी पहिला नंबर देणार नाही. पण कपडाच शिवायचा हट्ट असेल तर पायजमाच घ्या: बाही नाही, गळा नाही, कंबरेला इलॅस्टिक. नीट बसणारा जुना पायजमा घडी घालून कागदावर आखा आणि माया वाढवा. नेफ्यासाठी वर 4 सेंमी जास्त ठेवा. गोंधळ होतो तो आसनाशी, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे. आधी दोन्ही पाय आतल्या बाजूने वेगवेगळे शिवा. मग एक पाय सुलटा करून उलट्या पायात घाला आणि आसनाची गोलाई एका टिपेत शिवा.

कापड तिन्हींसाठी मध्यम जाडीचं सुती घ्या. सॅटिन, जॉर्जेट हातातून निसटतं, ते नंतर. सुती कापड आटतं, म्हणून कापण्याआधी धुवून इस्त्री कराच, पायजम्याला तर ते टाळूच नका. टाका अडीच मिमीचा ठेवा, आणि नजर सुईवर नको, सुईखालच्या पत्र्यावरच्या रेघेवर. कापडाची कड त्या रेघेला धरून चालली की टीप आपोआप सरळ येते.

काहीही निवडलंत तरी केव्हातरी कापडाखाली दोऱ्याचं जाळं होईलच. तिथे बरेचजण ‘मला जमत नाही’ म्हणून उठतात. बहुतेक वेळा दोष तुमच्या हाताचा नसतो, बॉबिनचाही (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचाही) नसतो. प्रेसर फूट खाली असताना वरचा दोरा ओवला गेला की तो ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये बसतच नाही. गुंता कापून टाका, फूट वर करा आणि रिळापासून सुईपर्यंत दोरा पुन्हा ओवा.