सासवडजवळच्या विटांच्या वाड्यात आठ महिने

सासऱ्यांचा सासवडजवळच्या गावातला वाडा बरीच वर्षं बंद होता. एप्रिलमध्ये कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला आणि लॅपटॉप, मांजर, नवरा असं बिऱ्हाड तिकडे हलवलं.

बांधणी शनिवारवाड्याच्याच चालीची, आकाराने अर्थातच कुठल्या कुठे लहान. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चपट्या विटा, विटांमधल्या सांध्यांत चुना, आत सागवानी खांब-तुळया. (1828च्या आगीनंतर शनिवारवाड्याचं काय उरलं ते बघा. दगड राहिला, लाकूड गेलं. म्हणून जुनी वायरिंग पहिल्या आठवड्यातच बदलून घेतली.)

भिंती जवळजवळ दोन फूट रुंद. मे महिन्यात भर दुपारी माजघरात पंखा एकवर पुरायचा. पण दिवसभर प्यायलेलं ऊन भिंत रात्री ओकते. दहा वाजता हात लावला तरी कोमट. त्यामुळे उन्हाळाभर ओसरीवर झोपलो. वायफाय या भिंतीपुढे हात टेकतं, मीटिंग चौकातच. खिळा ठोकायला गेलं की विटेचा भुगा पडतो, म्हणून जुन्या खुंट्यांवरच सगळं टांगलंय. देवळीत राउटर छान बसतो. दाराची चौकट बुटकी, नवऱ्याने चार वेळा कपाळमोक्ष करून घेतलाय.

आता खरी तक्रार. पश्चिमेच्या भिंतीला मागे कधीतरी एका गवंड्याने सिमेंटचा गिलावा करून दिला होता. दिसायला झकास, एकदम गुळगुळीत. जुलैत त्याच भिंतीला आतून लोणा लागला. रोज सकाळी पायथ्याशी पांढरी बुकटी आणि विटकरी भुगा, सुपलीभर. बाकीच्या तीन भिंती, त्याच विटेच्या, त्याच पावसातल्या, ओल धरायच्या आणि उघडीप मिळाली की सुकायच्या.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, भिंतीला प्लास्टिकची पिशवी घातल्यागत झालंय ते." अगदी तेच. जमिनीतली ओल विटेतून वर चढते. चुन्यातून ती बाहेर निघून जाते, सिमेंटमधून जात नाही. मग ती आतल्या बाजूने वाट काढते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि वीट आतून फुटते.

दिवाळीनंतर चुन्याचं काम येणारा म्हातारा मिस्त्री मिळाला. सिमेंट खरवडताना त्याबरोबर विटांची तोंडंही निघाली, ते बघवत नव्हतं. आता चुना-वाळूचे थर चाललेत. चुना हवा खाऊन हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे दोन थरांत त्याने बरेच दिवस जाऊ दिले आणि भिंतीवर ओली गोणपाटं लटकवली. खर्च सिमेंटपेक्षा जास्त आला, वेळ तर विचारूच नका.

रंगवाला परवा शेडकार्ड घेऊन आला होता, प्लास्टिक पेंटचं. त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.