जबड्याच्या सांध्याचा एमआरआय: 'आ' करून काढला तरच पैसे वसूल

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं की 'कट्' वाजतं, जांभई अर्ध्यातच अडकते, भाकरीचा तुकडा मोडताना कळ जाते. अशा तक्रारीवर दंतवैद्य हल्ली 'टीएमजे एमआरआय', म्हणजे जबड्याच्या सांध्याचा एमआरआय, लिहून देतात. तपासणी उत्तम आहे. मात्र ती कशी काढली यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच सेंटर-सेंटरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या सांध्यात जबड्याच्या हाडाचं गोलसर डोकं (कंडाइल, इथे त्याला 'कडी' म्हणू) आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक मऊ चकती असते. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) ती दिसत नाही, सीबीसीटीतही (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्येही) नाही. तिथे फक्त हाड कळतं. एमआरआयमध्ये ती मध्ये चेपलेली, बो-टायच्या आकाराची काळी पट्टी दिसते. तोंड मिटलेलं असताना कडीला घड्याळाची तबकडी समजा: चकतीची मागची जाड कड बाराच्या आकड्याजवळ हवी. ती पुढे दहा-अकराकडे घसरलेली असेल तर चकती सरकली. पुढचा प्रश्न असा की तोंड उघडल्यावर ती जागेवर परत येते का? आली तर उपचार बहुधा सौम्य. न येता पुढेच गोळा झाली तर जबडा 'लॉक' का होतो ते कळतं. म्हणून मिटलेलं आणि उघडलेलं तोंड असे दोन्ही संच लागतात. फक्त मिटलेल्या तोंडाचा स्कॅन म्हणजे अर्धाच रिपोर्ट, तरी पैसे बहुतेक ठिकाणी पूर्ण घेतले जातात.

पैसे भरण्याआधी काउंटरवर विचारायचं ते एवढंच: मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं आहे का (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद), दोन्ही कानांजवळ ठेवायची, सिग्नल पकडणारी छोटी सरफेस कॉईल आहे का, आणि बाजूने दिसणारे (सॅजिटल) काप सरळ घेता की कडीच्या अक्षाला काटकोनात? शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर आत रेडिओलॉजिस्टना विचारा. कडीचं आतलं टोक थोडं मागे वळलेलं असतं. काप सरळ घेतले तर ती तिरकी कापली जाते आणि चकती जागेवर असूनही सरकल्यासारखी भासू शकते. कापाची जाडी ३ मिलिमीटर किंवा कमी हवी. नुसती मेंदूची हेड कॉईल लावून काढलेल्या चित्रात चकती बऱ्याचदा राखाडी डागात विरून जाते.

'आ' करण्याचा भाग सगळ्यात जास्त बिघडतो. तोंड उघडं ठेवायला दातांमध्ये सिरिंजचं नळकांडं किंवा एकावर एक रचलेल्या लाकडी पट्ट्या देतात. आधाराशिवाय नुसतं 'उघडं ठेवा' म्हटलं की दोन मिनिटांत जबडा थरथरतो, लाळ गिळली जाते आणि चित्र हलतं. चांगला तंत्रज्ञ आधी पट्टीने उघडझाप मोजतो (निरोगी प्रौढाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं) आणि तेवढ्याच मापाचा आधार निवडतो. गुटखा-खर्रा खाऊन गाल आवळलेल्यांचं तोंड मुळातच उघडत नाही. तिथे दोष सांध्यात नसून गालाच्या आतल्या घट्ट पट्ट्यांत असतो, तेव्हा हा खर्च आधी दंतवैद्याशी बोलूनच करावा.

धातूचं म्हणाल तर टायटॅनियम इम्प्लांट फारसा त्रास देत नाही, झिर्कोनियाची कॅप तर नाहीच. स्टीलचे ब्रॅकेट आणि तारा मात्र तोंडाचा भाग काळा करून टाकतात. सांधा मागे असल्याने बरेचदा वाचतो, पण फॅट-सॅट (चरबीचा सिग्नल दाबून काढलेलं) चित्र बिघडतं. त्याऐवजी चरबी दाबण्याची दुसरी पद्धत, 'स्टर' (STIR), मागावी. काढता येण्यासारखी तार आदल्या दिवशी काढून घ्या. चुंबकावर बसणारी कवळी बाहेरच ठेवा आणि हिरडीतल्या इम्प्लांटवरचा चुंबकीय भाग असल्यास तेही सांगा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप हे तर फॉर्मवर विचारतातच. नाही विचारलं तर उठून या.

दाताच्या कीडीसाठी किंवा रूट कॅनलसाठी एमआरआय काढू नका. इनॅमलमधून सिग्नलच येत नाही, दात काळाच दिसतो. सीमेन्स हेल्दिनीअर्स आणि डेंट्सप्लाय सिरोना यांनी मिळून ०.५५ टेस्लाच्या 'मॅग्नेटॉम फ्री.मॅक्स'ची डेंटल आवृत्ती आणली आहे. ८० सेंटिमीटरचा बोगदा घाबरणाऱ्यांना सुसह्य आणि कमी ताकदीमुळे धातूचा गोंधळही कमी. पण सिग्नलही तितकाच क्षीण, त्यामुळे बारीक चकतीसाठी सध्या तरी चांगल्या कॉईलचं १.५ टेस्लाच आमची पसंती.

रिपोर्टमध्ये 'सरकलेली चकती' वाचून घाबरू नका. काहीच न दुखणाऱ्या लोकांतही ती बऱ्याचदा सापडते. दुखत नसेल आणि नुसता आवाज असेल तर हा स्कॅन लागतच नाही. सांध्यात पाणी साचलंय का, कडीच्या हाडातल्या मज्जेत सूज आहे का, हे टी२ नावाच्या चित्रप्रकारात पांढरं दिसतं आणि दुखण्याशी त्याचा धागा जास्त जुळतो. निघताना फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागा. एका फिल्मवर वीस-वीस चिमुकली चित्रं छापतात, त्यात बारा वाजलेत की अकरा हे कुणालाच दिसत नाही.