कंपनीने सोडून दिलेला राउटर: तोच चालवायचा, ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं की बदलायचा?

मानेवाड्याला मामांकडे हॉलमधल्या शोकेसवर राउटर आहे. पांढरं प्लास्टिक पिवळं पडलंय, एक अँटेना सेलोटेपने बांधलाय, आणि इंटरनेट मात्र व्यवस्थित चालतं. गेल्या महिन्यात तो उलटा करून खालचं लेबल वाचलं: टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर ८४१एन, व्हर्जन ९. कंपनीने याचा सपोर्ट, म्हणजे नवे अपडेट देणं, बंद केलंय. मामा म्हणाले, “चालून राह्यला ना बाप्पा, मग कायले बदलतं?”

हा प्रश्न पडलेली घरं नागपुरात भरपूर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रस्ते चार आहेत. आहे तोच चालवायचा, त्यात कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं, फुकट फर्मवेअर टाकायचं, इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यावर सगळं न्यायचं, किंवा नवा विकत घ्यायचा. रेंज आणि वेगाचं नंतर बघू. आधी प्रत्येक रस्त्याला एकच गोष्ट विचारा: यात पुढे सापडणारी सुरक्षेची भोकं कोण बुजवणार, आणि किती वर्षं?

आहे तोच चालवण्याचा खर्च शून्य, आणि बहुतेक घरं तेच करतात. मे २०२५ मध्ये एफबीआयने अशा जुन्या राउटरबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्यात लिंक्सिसचे ई १२००, ई २५०० असे मॉडेल नाव घेऊन होते. ‘द मून’ नावाचं मालवेअर त्यांच्यात शिरायचं आणि त्या घराचं कनेक्शन दुसऱ्यांना भाड्याने दिलं जायचं. म्हणजे गुन्हा कोणी तरी लांब बसून करणार, आणि आयपी पत्ता निघणार तुमच्या घराचा. राउटर हळू होत नाही, दिवे नेहमीसारखे लुकलुकत राहतात, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

मामांच्या मॉडेलचीही गोष्ट अशीच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने, हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या त्रुटींच्या यादीत ८४१एनचं व्हर्जन ९ आणि आर्चर सी ७चं व्हर्जन २ टाकलं. दोन्हींचा सपोर्ट संपलेला होता. तरीही टीपी-लिंकने त्यांच्यासाठी दुरुस्त फर्मवेअर काढलं. म्हणून बंद झालेलं मॉडेल असलं तरी कंपनीच्या साइटवर एकदा जाऊन शेवटचं फर्मवेअर कोणत्या तारखेचं आहे ते बघाच. मात्र आपल्या देशाचं आणि आपल्याच हार्डवेअर व्हर्जनचं पान उघडा. दुसऱ्या व्हर्जनची फाइल चढवली तर राउटर कायमचा बसू शकतो.

मामांच्या राउटरमध्ये लॉगिन केलं तेव्हा पासवर्ड अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिनच होता. डीएनएसच्या रकान्यात जे दोन पत्ते होते ते ना इंटरनेट कंपनीचे, ना आमच्यापैकी कोणी टाकलेले. डीएनएस म्हणजे इंटरनेटची पत्ता सांगणारी खिडकी. तिथे दुसराच माणूस बसला, तर बँकेचं नाव टाइप करूनही तुम्हाला भलत्याच दारात नेऊ शकतो. ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो, पण “पुढे जा” दाबायची सवय घरोघरी आहे. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, कारण मामी वीज बिल आणि गॅस त्याच वाय-फायवरून भरतात.

“आपलं कनेक्शन सीजीनॅटमागे असतं, बाहेरून कोणी येत नाही,” असंही ऐकायला मिळतं. हे अर्धं खरं आहे. सीजीनॅट म्हणजे पुरवठादार एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा इंटरनेट) पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो. आपल्याकडे बरेच पुरवठादार तसं करतात, त्यामुळे बाहेरून थेट दार ठोठावणं अवघड होतं. पण घरातल्याच एखाद्या फोनवर किंवा स्वस्तातल्या टीव्ही बॉक्सवर काही आलं, तर ते आतून राउटरपर्यंत पोचतं. जिथे आयपीव्ही६ (घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत) चालू आहे तिथे सगळी भिस्त राउटरच्या फायरवॉलवर असते, आणि ती फायरवॉल त्याच जुन्या फर्मवेअरचा भाग आहे.

अगदीच काही महिने काढायचे असतील तर शेवटचं फर्मवेअर टाका, नंतर फॅक्टरी रीसेट करा आणि सेटिंग हाताने भरा. जुना बॅकअप परत चढवू नका. २०२५ मध्ये आसुसच्या हजारो राउटरवर असा चोरदरवाजा सापडला होता की तो सेटिंगमध्येच लपलेला, त्यामुळे अपडेट केल्यानेही जात नव्हता. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलायची सोय), डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडणं) आणि यूपीएनपी (उपकरणांनी आपोआप बाहेरचं दार उघडणं) बंद ठेवा. वर्ष-दोन वर्षं असं चालवणं मला पटत नाही.

आता ओपनडब्ल्यूआरटी. माझ्या प्रतापनगरच्या घरी हाच रस्ता आहे, त्यामुळे यावर जास्त बोलणार. २००४ च्या सुमारास लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी ५४जी या राउटरच्या खुल्या झालेल्या सोर्स कोडवरून हा प्रकल्प सुरू झाला, आणि तेव्हापासून जगभरचे लोक मिळून तो सांभाळतात. कंपनीने हात काढून घेतलेल्या राउटरला नवं लिनक्स कर्नल आणि नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. माझा आर्चर सी ७ व्हर्जन २ आहे, वर सांगितलेल्या यादीतलाच. त्यात १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि १२८ एमबी रॅम आहे, आणि ओपनडब्ल्यूआरटीची २४.१० मालिका त्यावर निवांत चालते.

मामांच्या ८४१एनला मात्र हे दार बंद आहे. त्यात ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. एवढ्या जागेसाठी तयार फाइल देणारी शेवटची अधिकृत मालिका १९.०७ होती, आणि तिचाही सपोर्ट केव्हाच संपला. इथे एक गोष्ट लोकांना फसवते. ८४१एनच्याच व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम होती, आणि नंतर आलेल्या व्हर्जन १४ मध्ये परत ४ आणि ३२. खोक्यावर नाव तेच. म्हणून मॉडेलचं नाव विचारून कोणी “टाकून देतो” म्हणालं, तर आधी लेबलवरचा व्हर्जनचा आकडा दाखवा आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तोच आकडा शोधा. आत ब्रॉडकॉमची वाय-फाय चिप असेल तर बहुतेक वेळा नाद सोडलेला बरा. मीडियाटेक किंवा क्वालकॉमच्या अथेरॉस चिपवर गाडी सहसा सुरळीत चालते.

चढवताना माझीही फजिती झाली. अर्ध्यात लाइट गेली आणि राउटर नुसता दिवा लुकलुकवत बसला. नेटवर्क केबल लावली, संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता दिला, टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) मूळ फर्मवेअरची फाइल ठेवली आणि रीसेटचं बटण दाबून धरत पॉवर चालू केली, तेव्हा तो परत उठला. तेव्हापासून इन्व्हर्टरवर असल्याशिवाय फर्मवेअरला हात लावत नाही. आणखी एक: पहिल्यांदा चढवल्यावर वाय-फाय बंदच असतं आणि पासवर्डही कोरा असतो, त्यामुळे केबल नसेल तर सुरुवातच करू नका. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला वेगात काही फरक जाणवणार नाही. मोठ्या प्लॅनवर जुनी चिप धापा टाकते, कारण मूळ फर्मवेअरमधली हार्डवेअरची मदत इथे मिळेलच असं नाही.

फर्मवेअर नवं झालं तरी अ‍ॅडॉप्टर जुनाच राहतो, हेही विसरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद हॉलमध्ये, शोकेसवर, दहा उन्हाळे काढलेल्या अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर सुकतात आणि राउटर अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतो. लोक दोष फर्मवेअरला देतात. आधी त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून बघा.

ओपनडब्ल्यूआरटी तेव्हाच घ्या जेव्हा घरात एक माणूस वर्षातून तीन-चारदा ते अपडेट करणार असेल. ते आपोआप होत नाही. टाकून विसरलात तर दोन वर्षांनी मामांच्या जागी येऊन उभे राहाल.

इंटरनेट कंपनीच्या डब्याला तंत्रज्ञ मंडळी नावं ठेवतात. ज्या घरात कोणी सेटिंग उघडणार नाही, तिथे मला तोच बरा वाटतो. फायबर असेल तर तो डबा, म्हणजे फायबरची तार जोडलेला ओएनटी, तसाही भिंतीवर लागलेलाच असतो. बरेच पुरवठादार टीआर-०६९ या दुरून सांभाळायच्या पद्धतीने तिकडूनच फर्मवेअर पाठवतात, आणि डबा बिघडला तर बहुधा तेच बदलून देतात. वाईट बाजू एवढी की अपडेट कधी येणार हे आपल्या हातात नाही, काही सेटिंग कुलूपबंद असतात, आणि पुरवठादार बदलला की डबा परत जातो. जोडणाऱ्या मुलाला विचारा, “भाऊ, याचं फर्मवेअर तुम्ही पाठवता का आम्ही करायचं?” उत्तर “तुम्ही” आलं, तर या रस्त्याचा मुख्य फायदाच गेला.

नवा घ्यायचा असेल तर सीताबर्डीच्या दुकानात जाण्याआधी एक काम करा. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये कायद्याने कंपन्यांना किमान किती काळ सुरक्षा अपडेट देणार ते सांगावंच लागतं. म्हणून त्याच मॉडेलचं ब्रिटनचं पान उघडून सपोर्टची तारीख वाचा. इथलं हार्डवेअर वेगळं असू शकतं, तरी कंपनीचा इरादा कळतो. युरोपात ११ डिसेंबर २०२७ पासून साधारण किमान पाच वर्षांचा सपोर्ट बंधनकारक होतोय, तेव्हा ज्यांना घाई नाही त्यांनी थोडं थांबायला हरकत नाही. दुकानात खोक्यावरचं उत्पादन वर्ष बघा. मला एकदा सवलतीत मिळालेला राउटर घरी आणल्यावर कळलं की त्याचं मॉडेल आधीच बंद झालेलं होतं. आपोआप अपडेटची सोय आणि डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत) या दोन गोष्टी नसतील तर मी घेणार नाही. सहा-सहा अँटेना पाहून भुलू नका.

मामांसाठी आम्ही कंपनीच्या डब्याचा रस्ता धरला. फायबर होतंच, फक्त ओएनटीचं वाय-फाय चालू करून पासवर्ड बदलायचा होता. मागच्या खोलीत रेंज कमी पडते, तिथे ताईच्या घरचा आर्चर सी ६ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून (फक्त वाय-फाय पुढे पसरवायला) लावला, कारण त्याच्या व्हर्जनला अपडेट अजून येतात. मामींच्या फोनमधून बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी बदलले. सेलोटेपवाला ८४१एन रीसेट केला, कारण वाय-फायचा आणि पीपीपीओईचा (इंटरनेट कनेक्शनच्या लॉगिनचा) पासवर्ड त्यात तसाच राहतो, आणि मगच ई-कचऱ्याच्या पिशवीत टाकला.